पणजीच्या फोंताइन्हासमधील जुन्या घरातल्या हॉटेलात आईला घेऊन राहावे का?

नौपाडाकर (ठाणे)

नमस्कार. डिसेंबरमध्ये आईला घेऊन चार दिवस पणजीला जायचे आहे. तिचे वय ७६ असून गुडघ्यांमुळे जिने चढणे तिला जड जाते. चरईतले आमचे कौलारू घर पुनर्विकासात गेले त्याला नऊ वर्षे झाली. सातव्या मजल्यावरच्या नव्या घरात सगळ्या सोयी असूनही तिच्या बोलण्यात ओटी आणि माजघर रोज येतात. त्यामुळे समुद्रकाठच्या रिसॉर्टपेक्षा फोंताइन्हासमधल्या एखाद्या जुन्या घरात, जिथे आता हॉटेल चालते, तिथे उतरावे असे मनात आहे. अशा ठिकाणी प्रत्यक्ष राहिलेल्यांनी कृपया सांगावे की ‘हेरिटेज’ या शब्दावर कितपत विसंबावे, वयस्कर माणसाला तिथे अडचण होते का, आणि तो भाग रात्री खरोखर शांत असतो का.

खारेगावचा वाचक (कळवा)

आम्ही दोनदा तिथे राहिलो आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पश्चिमेला आल्तिनो टेकडी आणि पूर्वेला ओरेंची खाडी यांच्यामध्ये ही वस्ती अगदी चिंचोळी पसरली आहे. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोठी वाहने आत फिरकत नाहीत, आणि रात्री नऊनंतर घराघरांतली भांड्यांची आवराआवरही ऐकू येते. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, आणि त्यानंतरच्या काळात इथली बरीच घरे उभी राहिली. जांभ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौले, उंच छत आणि काही खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने, असा हा सगळा थाट आहे. दुपारच्या उन्हात त्या तावदानांतून खोलीत जो दुधी उजेड येतो, तो पाहून आपल्या आईंना बरे वाटेल, याबद्दल मला शंका नाही.

‘हेरिटेज’ शब्दाबद्दल सांगायचे तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत मूळ वास्तू १९५० पूर्वीची असणे आवश्यक आहे, आणि ‘हेरिटेज क्लासिक’ व ‘हेरिटेज ग्रँड’ या वरच्या वर्गांसाठी ती १९३५ पूर्वीची असावी लागते. हॉटेलला ही मान्यता आहे का, हे सरळ विचारावे. तरीही आपल्या बाबतीत वास्तूच्या वयापेक्षा न्हाणीघराची चौकशी अधिक महत्त्वाची आहे, असे मी आग्रहाने सांगेन. या घरांत खोलीला जोडलेली न्हाणीघरे नंतर बांधलेली असतात, आणि सांडपाण्याचा नळ जुन्या जमिनीवरूनच न्यावा लागल्यामुळे पुष्कळ ठिकाणी न्हाणीघराची फरशी खोलीपेक्षा एक-दोन पायऱ्या वर असते. रात्री झोपेतून उठलेल्या माणसाला ती पायरी दिसत नाही. माझ्या वडिलांचा तोल तिथेच गेला होता. सुदैवाने दाराची चौकट हाती लागली. जुने शिसवी पलंगही बरेच उंच असतात, तेव्हा पाय ठेवायला पाट मिळेल का, तेही विचारून घ्यावे.

नेरूळ सेक्टर सहा

प्रवासापुरते लिहितो. कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या ठाण्याला थांबतात. करमळीला उतरावे, तिथून पणजी साधारण ११-१२ किलोमीटर आहे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त (वार्षिक उत्सव) असते आणि करमळी स्थानक त्याच्या अगदी जवळ आहे, म्हणून त्या सुमाराची तारीख टाळलेली बरी. महिन्याच्या मध्यावर पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. त्या दिवसांत खोल्या मिळणे अवघड जाते.

कोपरीच्या काकू

माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते मनापासून लिहिते आहे. मी जुलैमध्ये तिथल्याच एका जुन्या घरातल्या हॉटेलात उतरले होते. भिंतीला ओल होती, गाद्यांना कुबट वास येत होता, आणि वरच्या खोलीत कोणी चालले की लाकडी तक्तपोशी रात्रभर करकरत होती. जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असला तर शोषलेली ओल हळूहळू बाहेर पडते. तिथे दुरुस्ती करताना वरून सिमेंट फासले होते, त्यामुळे ओल आतच कोंडली होती. आपण डिसेंबरमध्ये जात आहात, म्हणून हा त्रास कमी होईल. मात्र जिच्या डोक्यावर कोणाचीही खोली नाही अशी खोली मागावी. आणि तळमजल्यावर तशी मिळाली नाही, तर आईंच्या गुडघ्यांसाठी हा बेत सोडून द्यावा.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. त्या घरांत आजही कुटुंबे राहतात, आणि रंगीत भिंतीपुढे छायाचित्रे काढणारे लोक त्यांच्या पायऱ्यांवर बिनदिक्कत बसतात. काही घरांबाहेर तशा मनाईच्या पाट्याही लागल्या आहेत. चरईत आपल्या ओटीवर परके लोक येऊन बसले असते, तर आपल्याला काय वाटले असते?

नौपाडाकर (ठाणे)

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काकू, ओटीचा दाखला मी आईला वाचून दाखवला. तिने लगेच मान डोलावली. काल तीन ठिकाणी दूरध्वनी केला. दोन ठिकाणी तळमजल्यावर खोलीच नव्हती. तिसऱ्या ठिकाणी मागच्या अंगणाला लागून एक बैठी खोली आहे आणि तिच्यावर फक्त कौले आहेत, पण न्हाणीघराला एक पायरी आहे. तिथल्या व्यवस्थापकांनी दाराशी पकडायला कठडा बसवून देण्याचे आणि रात्री आत छोटा दिवा लावून ठेवण्याचे आपण होऊन कबूल केले. ८ ते १२ डिसेंबरसाठी ती खोली घेतली आहे. आई म्हणाली की दुपारी ती अंगणातच बसेल, आणि एखाद्या संध्याकाळी सेंट सेबॅस्टियन चॅपेलपर्यंत चालून येईल. १८१८ च्या त्या लहानशा चॅपेलमधल्या ख्रिस्ताच्या मूर्तीचे डोळे उघडे आहेत, असे तिने कुठेतरी वाचले होते.

खारेगावचा वाचक (कळवा)

हो, डोळे उघडेच आहेत. गुडघ्यांसाठी सांगतो, चॅपेलपर्यंतचा रस्ता सपाट आहे. टेकडीकडे चढणाऱ्या पायऱ्यांना मात्र आईंना नेऊ नये.