मदत हवी आहे: सड्यावर (कातळाच्या पठारावर) सर्वेक्षणात मदतनीस दगावला, चौकशीत काय तपासावे?

कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या एका सड्यावर वनस्पतींचे सर्वेक्षण चालू असताना, एप्रिलमध्ये रोजंदारीवरचा मदतनीस गेला. कामाचा तिसरा दिवस होता. दुपारी दोनला असंबद्ध बोलायला लागला आणि कोसळला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आहे, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवलाय. समितीतले काहीजण म्हणतात, पारा ३६ अंशच होता, शिवाय अंग घामाने भिजलेले, मग उष्माघात कसा? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
घाम होता म्हणून उष्माघात नाही, हे साफ चूक. कष्टाच्या कामातल्या उष्माघातात घाम सुटलेला असतोच बऱ्याचदा. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांवर आणि मेंदूवर परिणाम, हे पाहायचे. असंबद्ध बोलणे म्हणजे तोच परिणाम. केसपेपरवर गुदद्वारातून घेतलेले तापमान आणि वेळ शोधा; काखेतले कमी दाखवते. शवविच्छेदनात उष्माघाताची अशी हमखास खूण मिळत नाही, त्यामुळे जागेवरची माहिती डॉक्टरांना लेखी द्या.

३६ अंश हे सावलीतले. तशाच हवेच्या दिवशी, त्याच वेळी, त्याच कातळावर वेट बल्ब ग्लोब मीटर (हवा, दमटपणा, ऊन मिळून उष्णतेचा ताण मोजणारे यंत्र) लावा. त्याचा १५ सेंमीचा काळा गोळा निदान २५ मिनिटे स्थिरावू द्या, ओल्या वातीला पंख्याचा वारा नको. समजा ओल्या वातीचा पारा २५, गोळा ४८, हवा ३६ आली. ०.७, ०.२, ०.१ ने गुणून बेरीज ३०.७. ओझे घेऊन चढणीच्या कामाला आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकात याच बेरजेची मर्यादा सरावलेल्याला २६, नवख्याला २३.

प्रतिसाद २
तिसरा दिवस हाच गाभा आहे, तो सोडू नका. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच उन्हात ठेवायचे, रोज २० टक्के वाढवायचे. म्हणजे तिसऱ्या दिवशी ६०. हजेरीपट आणि जीपीएसचा माग शेजारी ठेवा: किती तास चालला, सावलीत कितीदा थांबला, वेग कोण ठरवत होते.

नोंदवहीची शेवटची पाने नीट बघा. त्याच्याच हातच्या नोंदी असतील तर ओळ खाली घसरलेली, क्वाड्रॅटचा (वनस्पती मोजायला आखलेल्या चौकोनाचा) आकडा दोनदा लिहिलेला, वेळ गाळलेली, असे काही दिसते का? तिथून त्रासाची सुरुवात कळते. मूळ वही जपा, फोटो काढून ठेवा.

पाणी मोजा. दर १५-२० मिनिटांना २४० मिली धरले तर सहा तासांना चार ते सहा लिटर लागते. वर नेले किती, बाटलीत उरले किती? रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या गोळ्या चालू होत्या का, हे घरच्यांना हळुवारपणे विचारा.

आणि पहिल्या लक्षणापासून अंगावर पाणी पडेपर्यंत किती मिनिटे गेली? अर्ध्या तासात अंग थंड व्हायला हवे होते. गाडीची वाट पाहत नुसते झोपवून ठेवले असेल, तर अहवालात ते स्वतंत्र कारण म्हणून लिहा.