लाइव्ह सेंटरसाठी लाकडी टोप्या
बरेच जण विचारतात, की लाकूड कातायच्या लेथवर बाऊलचा तळ साफ करताना लाइव्ह सेंटरच्या (कामाला मागून आधार देणाऱ्या, त्याच्यासोबत फिरणाऱ्या भागाच्या) टोकाने लाकडात खड्डा पडतो, त्यावर काय करायचं, तर माझं म्हणणं त्या टोकावर बसणारी लाकडी टोपी घरीच बनवा. सेंटरच्या नाकावर बाहेरून आटे असतील (बऱ्याचदा पाऊण इंच १० टीपीआय, म्हणजे इंचाला १० आटे) तर त्याच मापाचा टॅप (भोकात आतून आटे पाडायचं हत्यार) घ्या, घट्ट लाकडात साधारण १६.५ मिमी भोक पाडा आणि आटे पाडा. पहिल्या वेळी आट्यांच्या कडा केसाळ, भुसभुशीत निघतात, घाबरू नका, त्यात पातळ सीए ग्लू (सुपरग्लू) मुरू द्या, पूर्ण वाळला की टॅप परत फिरवा, आटे कसे कडक आणि स्वच्छ होतात बघा! भोकाचं तोंड थोडं रुंद करा म्हणजे टोपी खांद्याला टेकून बसते, नाहीतर ती डुलणारच. आणि आकार द्यायच्या आधी आटे पाडा, नंतर नाही. हेडस्टॉकमध्ये (लेथच्या काम फिरवणाऱ्या बाजूला) त्याच आट्यांचा अडॅप्टर लावून त्यावरच कातली की टोपी सेंटरवरही सरळ फिरते. पुढे चामड्याची चकती चिकटवा, पॉलिश केलेल्या तळावर डाग उमटत नाही. मी शंकू, सपाट आणि खोलगट अशा तिन्ही करून ठेवल्यात, सगळ्यात जास्त खोलगटच लागते.