मदत हवी आहे: संत्रे आणि मऊ चीजच्या सॅलडला पाणी सुटतं, कडवटही होतं (हळदीकुंकवासाठी)

पळसफूल

नमस्कार मंडळी,

संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू आहे. कॉलनीतल्या बायका, सासूबाईंचं भजनी मंडळ आणि माझ्या मैत्रिणी मिळून तीसेक जणी होतील. त्या दिवसांत प्रत्येक घरी समोसा, चिवडा आणि गोड असतंच, शिवाय मंडळातल्या बऱ्याच जणींना तेलकट चालत नाही. म्हणून यंदा तिळाच्या वडीसोबत द्रोणात ताज्या फळांचं आणि मऊ चीजचं सॅलड द्यावं, असं सासूबाईंनीच सुचवलं. मला ते फार आवडलं. जानेवारीत नागपुरात पाहुण्यांना संत्रा द्यायचा नाही तर कुठे द्यायचा?

घरच्यांपुरतं करून पाहिलं. संत्र्याच्या फोडी, अननस, जांब (पेरू), डाळिंबाचे दाणे, पनीरचे चौकोनी तुकडे, वरून संत्र्याचा रस, थोडा मध, मीठ आणि मिरपूड. लगेच खाल्लं तेव्हा सगळ्यांनी परत मागून घेतलं. रात्रीसाठी झाकून ठेवलेल्याची मात्र दशा झाली. तळाशी वाटीभर पाणी, डाळिंबाने सगळं गुलाबी, पनीर बाहेरून बुळबुळीत आणि आतून चिवट. खाल्ल्यावर जिभेच्या मागे कडवटपणा राहतो तो वेगळाच. तो आला कुठून हे काही केल्या कळत नाहीये, कारण प्रत्येक फळ आधी चाखून घेतलं होतं.

द्रोणात द्यायचं तर पाणी सुटून चालणार नाही, साड्यांवर गळेल. आणि बायका दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत येत-जात राहतात, दर वेळी आत जाऊन फळं चिरत बसणं जमणार नाही. तेव्हा काय आधी करून ठेवायचं आणि काय अगदी वेळेवर, हे मला मुख्यतः हवंय.

दुसरं चीजचं. परदेशी पाककृतींत फेटा, रिकोटा, ताजं मोझरेला असं काय काय असतं. बर्डीवर आणि धरमपेठेत शोधलं तर मिळतं, पण तीस जणींसाठी ते परवडणारं नाही. शिवाय मंडळातल्या काही जणी कडक शाकाहारी आहेत आणि चीजमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातलं दूध फाडणारं विरजण, असतं हे त्यांच्या कानावर आहे. घरीच असं काही करता येईल का, जे पनीरसारखं चावत बसावं लागणार नाही? आमच्याकडे म्हशीचं दूध येतं. सांगितलं तर गवळी गायीचंही देतो.

कांदा-लसूण नको. बाकी काहीही सुचवा, मनापासून वाट बघतेय.

आजीचा_ओटा

पळसफूल, आधी अननस काढ बाई. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. पनीर बुळबुळीत होणं आणि कडू लागणं, दोन्ही त्यातूनच. किवीचंही तसंच. लगेच खाल्लं तर कळत नाही, तासाभराने कळतं. शिऱ्यात घालताना आपण अननस साखरेत शिजवून घेतो, तिथे काही बिघडत नाही, कारण उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं.

आता चीज. ह्या कामाला गायीचंच दूध सांग गवळ्याला. म्हशीच्या दुधाचं पनीर घट्ट आणि रवाळ होतं, भाजीत ते छानच लागतं. तुला हवाय छेना, म्हणजे न दाबलेलं मऊ ताजं पनीर, आणि तो गायीच्या दुधाचाच मऊ येतो. दूध उकळू दे, गॅस बंद कर आणि चार-पाच मिनिटं हात लावू नकोस. ह्या थांबण्यातच सगळं आहे. खळखळ उकळत्या दुधात लिंबू पिळलं की गोळे आवळून येतात आणि मग काही केलं तरी मऊ होत नाहीत. एका लिटरला साधारण दोन मोठे चमचे लिंबाचा रस घे, त्यात तेवढंच पाणी घाल, आणि चमचा-चमचा सोडत हलक्या हाताने फिरव. घुसळू नकोस. हिरवट निवळ पाणी वेगळं दिसलं की लिंबू तिथेच थांबव, वाटीत उरलं तर उरू दे. जास्तीच्या आंबटाने पण छेना कडक होतो.

मलमलच्या फडक्यात गाळून वरून गार पाणी ओत, म्हणजे लिंबाची चव जाईल. मग नळाला अर्धा तास टांग. वर वजन ठेवायचं नाही आणि पिळायचंही नाही. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, बोटाला ओल लागली पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. तो परातीत काढून काट्याने मोकळा कर, त्यात दोन चमचे घट्ट चक्का आणि चिमूटभर मीठ मिसळ. रसगुल्ल्याला मळतात तसं तळहाताने मळू नकोस, तूप सुटल्यासारखं होतं आणि फळासोबत जड लागतं.

रेनेटची काळजी इथे नाहीच, लिंबानेच दूध फाडलंय. विकतचं आणलंस तर पाकिटावर हिरवा ठिपका बघ. प्राण्याच्या रेनेटचं चीज असेल तर तो ठिपका लावता येत नाही.

निवळीत पोळ्यांची कणीक भिजव. फार मऊ होतात.

काटोलची_बाग

पळसफूल ताई, आमची घरची बाग आहे म्हणून संत्र्याचं मी सांगतो. कडवटपणात अननसासोबत रसाचाही वाटा आहे. संत्र्याची फोड अख्खी असेपर्यंत गोडच राहते. पण रस काढला, बी किंवा पांढरी साल त्यात चुरडली गेली, की आंबटाशी गाठ पडून त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होऊ लागतं. पिळल्या-पिळल्या रस गोड लागतो आणि ठेवला की कडू होतो, ते ह्यामुळे. म्हणून सॅलडवर संत्र्याचा रस ओतून ठेवायचाच नाही. आंबटपणा पाहिजे तर लिंबू घ्या, तेही वाढताना.

दुसरं, घेताना बघून घ्या. ह्या दिवसांत पंजाबकडचा किन्नूही बाजारात ढिगाने येते. रंगाला भडक, चकचकीत, आणि लोक फसतात. त्याची साल फोडीला घट्ट चिकटलेली असते, आत बियाच बिया, आणि रस ठेवला की आपल्या संत्र्यापेक्षा जास्त कडू होते. आपला नागपुरी संत्रा देठाकडे थोडा उंच, साल सैल, अंगठा घातला की सुटते. पण फार पोकळ झालेला, सालीत हात फिरेल असा घेऊ नका. तो झाडावर जास्त राहिला असते, आत फोड कोरडी आणि दाणेदार निघते. हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. जानेवारीत आंबिया बहाराचा (हिवाळ्यातल्या फुलोऱ्याचा) शेवटचा माल असते, त्यामुळे निवडूनच घ्यावा लागते. मृग बहाराचा (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचा) खरा माल फेब्रुवारी-मार्चचा. कळमन्याला पेटीने मिळते, पण तुमच्या कामाला गोकुळपेठ नाहीतर कॉटन मार्केटमधून हाताने निवडून आणलेला बरा.

फोडी अशा करा. सोलून पांढऱ्या शिरा काढा, फोडी सुट्या करा, आणि अर्धा तास ताटात पसरून पंख्याखाली ठेवा. वरचं आवरण थोडं सुकून कागदासारखं होते. मग फोडीची आतली सरळ कड कात्रीने कापा, दोन्ही बाजू पुस्तकासारख्या उघडा, बिया आपोआप पडतात. आतला गर अख्खा निघते, कुठे फुटत नाही. आमच्या घरी लहान लेकरांना असाच देतात. तीस संत्र्यांना दोघी बसल्या तर गप्पा मारता मारता होऊन जाते.

अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने कमी बियांच्या नागपुरी संत्र्याचं वाणही काढलं आहे. कुठे मिळाला तर नक्की घ्या, तुमचं अर्धं काम वाचेल.

मीठ_मिरपूड

मी हॉटेलच्या किचनमध्ये थंड पदार्थांच्या काउंटरवर काम करते, तर जुळणीचं माझ्याकडून.

पाणी सुटतं ते मीठ आणि मधामुळे. दोन्ही फळातलं पाणी बाहेर ओढतात. त्यामुळे फळांना आधीपासून काहीही लावायचं नाही. प्रत्येक फळ वेगळ्या डब्यात, कोरडं, फ्रिजमध्ये. संत्र्याच्या सोललेल्या फोडी चाळणीवर ठेवा आणि खाली ताट, म्हणजे सुटलेला थेंब खाली जाईल. डाळिंबाचे दाणे धुतले असतील तर फडक्यावर कोरडे करा. जांबाचा बियांचा गाभा चमच्याने काढून टाका आणि नुसत्या कडेच्या पातळ चकत्या करा, म्हणजे आजीबाईंना दातांचा त्रास नाही. हे सगळं सकाळी करून ठेवता येतं. फक्त जांब दुपारी चिरा आणि लिंबाचं बोट फिरवा, नाहीतर काळा पडतो.

द्रोणात छेना खाली पसरवायचा, वर संत्रा आणि जांब, त्यावर थोडे डाळिंबाचे दाणे. छेना खाली असला की जो थोडाफार रस उतरेल तो त्यात मुरतो, द्रोणाखाली जात नाही. उलट चवीला छानच होतो. शेवटी एक छोटा चमचा ड्रेसिंग: तीन भाग तेल, एक भाग लिंबू, मिरपूड, चिरलेला पुदिना आणि संत्र्याच्या सालीचा किस. साल किसताना वरचा केशरी थरच घ्या, पांढरं लागलं की कडू. आणि किसायचं ते सोलायच्या आधी, फळ चांगलं धुऊन. सैल सालीचा संत्रा सोलल्यावर किसता येत नाही. तेल ऑलिव्हचं असायलाच हवं असं नाही, घाण्याचं शेंगदाणा तेल संत्र्यासोबत सुरेख लागतं. मीठ ड्रेसिंगमध्येही घालू नका. छेन्यात आहे तेवढं पुरतं.

फेट्याबद्दल एवढंच सांगते, की तो मूळचा मुख्यतः मेंढीच्या दुधाचा आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेला असतो. टरबुजासारख्या नुसत्या गोड फळाला तो खारटपणा लागतो. संत्र्यात गोड आणि आंबट दोन्ही असल्यामुळे सौम्य, दुधाळ चीजच जास्त शोभतं. रिकोटाच्या जवळ जाणारा आपला छेनाच आहे, त्यामुळे तुम्ही काही कमी दर्जाचं करताय असं मुळीच मनात आणू नका.

पळसफूल

तिघांचेही किती आभार मानू! काल गायीचं एक लिटर दूध घेऊन आजीच्या ओट्यावरच्या पद्धतीने छेना केला. चार मिनिटं थांबल्यावर लिंबू घातलं तर गोळे न होता मऊ ढगासारखं फाटलं, आणि काट्याने मोकळं केल्यावर सासूबाईंनी नुसतंच वाटीत घेऊन खाल्लं. संत्र्याची फोड पुस्तकासारखी उघडायला मुलीला इतकं आवडलं की तिने डबाभर करून ठेवल्या. झाकून ठेवलेला द्रोण रात्री पाहिला, खाली कोरडा होता आणि कडवटपणा नावालाही नव्हता.

आता तीस जणींचं प्रमाण सांगाल का? छेना आदल्या दिवशी केला तर चालेल का? आणि तिळी चतुर्थी त्याच आठवड्यात आहे, नेमकी त्याच दिवशी तारीख ठरली तर उपासवाल्यांना हे देता येईल का?

आजीचा_ओटा

आदल्या संध्याकाळी कर, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेव. चक्का मात्र त्याच दिवशी मिसळ, नाहीतर आंबट होत जाईल. एका लिटरचा पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम छेना निघतो. द्रोणात तीस ग्रॅम पुरे, म्हणजे पाच लिटर दूध घे. एकाच पातेल्यात पाचही लिटर फाडू नकोस, दोन वेळा कर. मोठ्या पातेल्यात खालचं दूध जास्त तापलेलं राहतं आणि छेना सारखा येत नाही.

उपासाला आमच्याकडे चालतं, फक्त मीठ सैंधव घे आणि तेल शेंगदाण्याचं. पुदिना काही घरांत उपासाला चालत नाही, त्या द्रोणांवर नको घालूस. तिळी चतुर्थीच असेल तर वरून भाजलेले पांढरे तीळ भुरभुर. संत्र्यावर ते कुरकुरीत लागतात.

काटोलची_बाग

माणशी एक मध्यम संत्रा धरा, वर पाच-सहा जास्तीचे. पेटीत एखादा कोरडा निघतेच.

मीठ_मिरपूड

एक महत्त्वाचं राहिलं. तिसाच्या तीस द्रोण एकदम भरून ओट्यावर मांडू नका. छेना ताजा आणि ओला असतो, दोन तासांच्या वर बाहेर राहिलेला मी कुणाला देणार नाही. थंडी असली तरी आपल्याकडे दुपारी ऊन चांगलंच तापतं, आणि माणसं भरलेलं स्वयंपाकघर त्याहून गरम असतं. सहा-सात द्रोण भरायचे, ते गेले की पुढचे. छेना, फळं आणि ड्रेसिंग तीन डब्यांत तयार असलं की एक द्रोण भरायला अर्धं मिनिटही लागत नाही, मुलीलाच ते काम द्या.

कुणी गरोदर असेल तर घरच्या छेन्याचं भय नाही, दूध उकळलेलंच आहे. फक्त तिला फ्रिजमधून ताजा काढलेला द्या.

पळसफूल

दुधाची ऑर्डर गवळ्याला आत्ताच सांगितली, पाच लिटर गायीचं, आदल्या दुपारी. सैंधव आणि तीळ घरात आहेत. पुदिना गच्चीतल्या कुंडीत आहे, तो पुरेल. संत्रे दोन दिवस आधी गोकुळपेठेतून हाताने निवडून आणते. आणखी कुणाला काही सुचलं तर इथे जरूर लिहा, मी रोज रात्री बघतेय.