आधी वीज नको, कपॅसिटर बदला

शाळेच्या अडगळीतून मिळालेला बीबीसी मायक्रो हा जुना संगणक 'चालू करून बघू' असं तुम्ही लिहिलंय. कृपया थांबा! १९८४ च्या क्लास या संगणक-शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पात शाळांमध्ये आलेल्या या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये कागदी फिल्टर कपॅसिटर (विजेतला गोंगाट गाळणारे छोटे भाग) असतात. त्यांचं पारदर्शक पिवळसर आवरण तडकतं, आत दमट हवा शिरते आणि वीज दिली की धूर. ठाण्यात, नौपाड्यात माझ्या टेबलावर हे झालंय; मिनिटभर ठीक चाललं, मग फट्! दोन दिवस घरात जळका वास होता. खाडीकाठच्या आपल्या हवेत तर हा धोका धराच. हाताशी जाणकार नसेल तर सप्लाय उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो. ते कपॅसिटर जाणकाराकडूनच बदलून घ्या, मगच वीज.

जुन्या प्लॅस्टिकचा पिवळेपणा घालवायची घाई नको. कीज काढून साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा. अक्षरं छापलेली नाहीत, दोन रंगांच्या प्लॅस्टिकची ओतलेली आहेत, त्यामुळे पुसली जात नाहीत. पिवळेपणासाठी केस ब्लीच करायचं १२ टक्के पेरॉक्साइड क्रीम फक्त मशीनच्या बाहेरच्या आवरणाला, हातमोजे घालून, वर प्लॅस्टिक गुंडाळून. क्रीम सुकलं तर पांढरे ओघळ कायमचे राहतात. गच्चीवरचं ऊन लागतं, म्हणून हे काम दिवाळीनंतरच काढा.