कार्लिनच्या पायराइटमधील न दिसणारे सोने

मृगजळ: अमेरिकेतील नेवाडा राज्यात कार्लिन येथे १९६५ पासून सोन्याचे उत्पादन सुरू आहे, मात्र तिथल्या खनिजातील सोने पाण्यात धुऊन वेगळे होत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. ते पायराइटमध्ये अडकलेले असते, असे वाचले. लोह आणि गंधक यांच्या इतक्या सामान्य खनिजात सोने शिरते कसे? आणि तसे असेल, तर दुकानात मिळणाऱ्या पायराइटच्या चकचकीत घनातही ते असेल का?

खडकपारखी: जमिनीखालून वर येणाऱ्या, सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सोने गंधकाशी बांधलेल्या रूपात विरघळलेले असते. हे पाणी लोहयुक्त चुनखडकात मुरले की खडकातील लोह त्यातला गंधक ओढून घेते व पायराइट तयार होते. ज्याच्या आधाराने सोने विरघळलेले होते तो गंधकच कमी झाल्यामुळे सोन्यालाही पाण्याबाहेर पडावे लागते. खरी मेख आर्सेनिकमध्ये आहे. पायराइटच्या स्फटिकरचनेत ते गंधकाच्या काही जागा घेते, रचना थोडी बिघडते आणि एरवी तिथे न मावणारा सोन्याचा अणू सामावतो. त्यालाही मर्यादा आहे : आर्सेनिकच्या साधारण ५० अणूंमागे सोन्याचा एक. त्याहून अधिक सोने आले, तर त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात. तुमच्या चकचकीत घनाबद्दल मी तरी आशा धरणार नाही.

मृगजळ: मग खनिज आणखी बारीक दळले तर?

धातुकर्मी: अणूच्या पातळीवर अडकलेल्या सोन्यापर्यंत कोणतीही गिरणी पोहोचत नाही, आणि घट्ट स्फटिकात सोने विरघळवणारे सायनाइडचे द्रावणही शिरत नाही, म्हणून आधी पायराइटच मोडावे लागते. त्यासाठी खनिज भट्टीत भाजतात, प्राणवायूच्या दाबाखाली शिजवतात किंवा लोह-गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंच्या हवाली करतात. कार्लिनमध्ये पृष्ठभागाजवळचे खनिज निसर्गानेच गंजवून ठेवले होते, त्यामुळे सुरुवातीचे काम सोपे गेले. भाजण्याची किंमत मात्र कॅनडातील यलोनाइफजवळच्या जायंट खाणीत दिसते. तिथे आर्सेनोपायराइट (लोह, आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज) भाजताना निघालेली आर्सेनिक ट्रायऑक्साइडची सुमारे २ लाख ३७ हजार टन विषारी भुकटी आजही जमिनीखालच्या दालनांत साठवलेली असून, ती भोवतालच्या पाण्यात मिसळू नये म्हणून तो भाग गोठवून ठेवण्याचे काम चालू आहे.