दक्षिण अमेरिकेच्या जंगलात दिसलेले (आणि नुसते ऐकू आलेले) प्राणी

सदाफुली:
काल लेकीने मोबाइलवर हाउलर माकडांचा आवाज लावला आणि पेरूतलं तांबोपाता आठवलं. पहाटे अंधारात लॉजच्या जाळीपलीकडून असा घरघराट सुरू झाला की मला वाटलं वादळ येतंय. माकडं जेमतेम सात-आठ किलोची, पण गळ्यातल्या पोकळ हाडामुळे आवाज काही किलोमीटर जातो! दिसली खूप उशिरा, पार शेंड्यात, तांबूस ठिपक्यांएवढी. ताडोब्यासारखं जिप्सीत बसलं की समोर प्राणी, असं तिथे नाहीच. कुणी गेलं असेल तर लिहा ना, दोन ओळीही चालतील.

रानवेडी:
पेरूतलंच मनूचं जंगल!! कोचा साल्वादोर तळ्यावर जायंट ऑटरचं (मोठ्या पाणमांजराचं) अख्खं कुटुंब. माना ताठ वर काढून आमच्याकडे बघत फुरफुरत होते. गळ्यावरचे फिकट डाग प्रत्येकाचे वेगळे, गाइड त्यावरूनच ओळखतात. मासा डोक्याकडून खातात आणि कुडुमकुडुम आवाज होडीपर्यंत येतो. कातड्यासाठी यांना मारून मारून जवळपास संपवलं होतं हो. १९७३ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं म्हणून आज दिसतात. मला रडूच आलं. कुकर झाला, बाकीचं नंतर.

कोकणकडा:
आम्हाला पेकरींचा (रानडुकरासारखे प्राणी) कळप आधी वासाने कळला. मग दात वाजल्याचा कटकट आवाज. गाइडने सगळ्यांना झाडामागे घेतलं.

भटकी:
टपिर, म्हणजे छोट्या सोंडेचा डुकरासारखा मोठा प्राणी. रात्री खारवट मातीच्या जागेपाशी मचाणावर मच्छरदाणीत पडून होतो. पानं, फळं खाऊन मीठ मिळत नाही म्हणून माती चाटायला येतात. एवढं धूड, पण पावलांचा आवाज नाही! सोबत पिल्लू, अंगावर पांढरे पट्टे आणि ठिपके. आई एकरंगी.

तर्रीबाज:
यलो फिव्हरची लस किती दिवस आधी घ्यायची? डिसेंबरात ब्राझीलला जातोय.

सदाफुली:
@तर्रीबाज निदान दहा दिवस आधी. कार्ड जपून ठेवा, भारतात परतताना मागतात.

नदीकाठ:
ब्राझीलला जाताय तर मामिराउआचं राखीव जंगल बघाच. पावसाळ्यात पाणी दहा-बारा मीटर चढतं, जंगलातून होडी जाते आणि स्लॉथ डोळ्यांसमोरच्या फांदीवर. लाल तोंडाचं पांढरं माकड, उआकारी, मात्र झाडीत क्षणभरच दिसलं.

कोकणकडा:
अगुटी (खारीच्या जातकुळीतला कुरतडणारा प्राणी) राहिलीच की! ब्राझील नटचं जे कवच माणसं कोयत्याने फोडतात ते ही सशाएवढी पोरगी दातांनी कोरते. उरलेल्या बिया पुरते, विसरते, त्यांचीच झाडं होतात. तासभर बघत बसलो होतो, ग्रुप पुढे निघून गेला.

भातुकली:
सगळं वाचतेय. लॉजवर शाकाहारींची सोय होते का? सासूबाई बरोबर आहेत.

भटकी:
होते गं. भात, घेवड्याची उसळ, तळलेली केळी, युका (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद). आधी कळवायचं. लोणचं घेऊन जा.