रेडिएशन चालू असताना घर, डबे, लोकल सगळं कसं जमवलंत? (डावी बाजू, १५ + ५)

पोळीभाजीवाली

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसलेय कारण डोकं चालेनासं झालंय. वय ५२, डोंबिवली. गेल्या ऑगस्टात डाव्या ब्रेस्टमध्ये कॅन्सरची गाठ निघाली, आधी ८ केमो, मग मार्चमध्ये ऑपरेशन (ब्रेस्ट ठेवलंय, गाठ आणि काखेतल्या गाठी काढल्या) आणि आता लाईट, म्हणजे रेडिएशन, चालू आहेत परळच्या हॉस्पिटलात. १५ आणि वर ५ बूस्ट (गाठीच्या जागेला जास्तीचा डोस) असे २० सांगितलेत, शनिवार रविवार सुट्टी. आज ७ वं झालं.

केमोपुढे हे काहीच नाही असं सगळे म्हणाले होते आणि टेबलावर खरंच काही होत नाही, दुखत नाही, हात डोक्यावर घेऊन पडायचं, ते श्वास भरून धरायला सांगतात, मशीन घूं घूं करत फिरतं, दहा-बारा मिनिटांत बाहेर. पण त्या दहा मिनिटांसाठी सकाळी साडेसातला घर सोडायचं आणि यायला दीड-दोन. आल्यावर सोफ्यावर टेकले की बसल्या जागी डोळा लागतो, परवा तर चपला पायातच राहिल्या होत्या. माझे पोळीभाजीचे ५ डबे आहेत, आधी २२ होते, केमोत सगळे बंद केले, आता जुन्या गिऱ्हाइकांचे तेवढे परत घेतलेत, पैशापेक्षा हाताला सवय म्हणून. पण वीस पोळ्या लाटता लाटता हात भरून येतो आणि तव्याची धग बरोबर डाव्या बाजूला लागते, तिथली कातडी आधीच लाल झालीय, काखेकडे काळपट.

मग लोकल. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, माझ्याकडे कागद आहे. पण केस आता बोटभर आलेत, दिसायला मी धडधाकट, एका बाईने सरळ विचारलं तुम्हाला काय झालंय, उठा. पिशवीतून कागद काढेपर्यंत घाटकोपर आलं. काय मेल्याहून मेल्यासारखं झालं, खरं तर लाज तिला वाटायला हवी होती.

आणि एक, हसू नका. जाऊबाईंचा नातू ८ महिन्यांचा आहे, त्या त्याला माझ्याकडे देत नाहीत, म्हणे किरणं लागतील. खरंच लागतात का? डॉक्टरांना विचारायचं रोज ठरवते आणि नंबर लागला की विसरते.

तुम्ही हे दिवस कसे काढलेत? स्वयंपाक, अंघोळ, कपडे, झोप, जे आठवेल ते सांगा.

सुनंदा_नाशिक

ताई आधी एक सांगते, तुम्ही आळशी झाला नाहीत. हा थकवा दुसऱ्या आठवड्यात असाच येतो आणि शेवटी शेवटी वाढतो. माझे २०२१ ला झाले, १५, उजव्या बाजूला. मला वाटायचं मी नाटक करतेय की काय, कारण रिपोर्ट चांगले, दुखत काही नाही, आणि दुपारी भांडी घासायला उभी राहिले की पाय म्हणायचे खाली बस.

कपड्यांचं बोलू. ब्लाऊज विसरा, ब्राचा पट्टा आणि हुक बरोबर त्या लाल जागेवर घासतो. मी मिस्टरांचे जुने सुती सँडो बनियन घालायचे, तेही उलटे, म्हणजे शिवण बाहेर. वरून सैल कॉटनचा कुर्ता. समोरून बटणं असलेला असेल तर तिथे कपडे बदलायलाही सोपं. अंघोळ कोमट पाण्याने, साबण साधा, हाताने लावायचा, घासणी अजिबात नाही, आणि पंचाने पुसायचं नाही, टिपायचं. जास्त त्रास घडीच्या जागी होतो, ब्रेस्टच्या खालची घडी आणि काख, तिथे घाम साचला की कातडी सोलवटते. मी घरी आले की पंख्याखाली ती बाजू मोकळी सोडून अर्धा तास पडायचे, दार लावून, आणि घरात सांगून ठेवलं होतं की या अर्ध्या तासात कोणी हाक मारायची नाही. गरम पाण्याची पिशवी, बर्फ, काहीच लावायचं नाही तिथे.

पोळ्यांचं म्हणाल तर कणीक तुम्ही मळू नका. लाटणं एकवेळ ठीक, पण मळताना काखेत ताण येतो. मुलगा असेल, मिस्टर असतील, नाहीतर कामवालीला शंभर रुपये जास्त द्या. पण हात अगदी बांधून पण ठेवू नका हं, फिजिओने दिलेले खांद्याचे व्यायाम रोज करायचेच, नाहीतर टेबलावर हात वर जाणार नाही. आणि डाव्या हातातल्या बांगड्यांवर लक्ष ठेवा. मला हाताची सूज अशीच कळली, आरशात दिसत नव्हती पण सकाळी सहज फिरणारी बांगडी संध्याकाळी काचायला लागली. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही.

आमच्या इथलं मशीन मध्येच दोन दिवस बंद पडलं होतं, मी घाबरून रडले होते, पण ते दोन दिवस शेवटी जोडून दिले. तुमचंही असं झालं तर घाबरू नका.

शुभेच्छुक

काकू माझ्या मावशीने हळद आणि खोबरेल लावलं होतं रोज, एक डाग पडला नाही. गव्हांकुराचा रस पण सुरू करा, कोरफडीचा गर घरचाच काढून लावा, नैसर्गिक आहे काही होत नाही. साखर आणि दूध पूर्ण बंद करा.

मशीनवाला

मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे, बारा वर्षं मशीनवर काम करतोय. वरच्या मेसेजमुळे लिहितोय.

हळद भाजीत टाका, अंगावर नको. सिटिंगच्या आधी कातडीवर तेलाचा किंवा कशाचाही जाड थर असू नये, आणि किरणं कुठे द्यायची त्याच्या आम्ही अंगावर काढलेल्या शाईच्या खुणा पण हळदीने झाकल्या जातात. क्रीम डॉक्टरांनी दिलं असेल तेच, शक्यतो घरी आल्यावर. कुंडीतल्या कोरफडीचा चीक कोणाकोणाला खाजतो, लाल कातडीवर ती परीक्षा कशाला. रस, काढे, व्हिटॅमिनच्या मोठ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. दूध, अंडी, डाळ, उसळ व्यवस्थित खा, वजन उतरू देऊ नका.

बाळाचं उत्तर: बिनधास्त घ्या. तुम्हाला बाहेरून मिळणारी किरणं आहेत, मशीन विजेवर चालतं, बंद झालं की किरणं संपली, तुमच्या अंगात काही उरत नाही. लोकांचा घोळ कुठे होतो सांगतो, थायरॉइडच्या काही पेशंटना किरणोत्सारी आयोडीन पोटातून देतात, त्यांना खरंच काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात. कोणीतरी ते ऐकलेलं असतं आणि मग सगळ्यांनाच लावलं जातं. जाऊबाईंना आमच्या वेटिंगमध्ये घेऊन या एकदा, पेशंट बाहेर आली की तिची नातवंडं मांडीवर चढलेली असतात.

श्वास धरायला लावतात ते डाव्या बाजूसाठी. छाती भरली की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं, म्हणजे त्याला किरणं कमी लागतात. तेवढंच दिवसातून पाच मिनिटं घरी पडून सराव केलात तर टेबलावर धावपळ होत नाही. आम्ही बाहेर गेलो तरी कॅमेऱ्यात दिसत असता, आवाज पण येतो, खोकला आला तर हात न हलवता बोला.

शाईच्या खुणा पुसट झाल्या तर घरी पेनने गिरवू नका, कृपा करा, एका आजोबांनी स्केचपेनने गिरवून आणलं होतं, सेंटिमीटरभर बाजूला. आम्हाला सांगा, आम्ही काढू.

लग्न, सण, पाहुणे म्हणून स्वतःहून सिटिंग चुकवू नका. आणि हे लगेच सांगा: पाण्याचे फोड, कातडीतून पाणी येणं, ताप, हाताला सूज. संपल्यानंतर १ ते ६ महिन्यांत कधी कोरडा खोकला, धाप, बारीक ताप आला तर साधी सर्दी समजून कफ सिरप पीत बसू नका, रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा.

पोळीभाजीवाली

मशीनवाले दादा तुमचा मेसेज जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी नातू माझ्या मांडीवर होता आणि त्याने बनियन ओलं केलं.

अजून एक विचारू का, आमच्या बिल्डिंगमधल्या एकीला ५ च दिवस दिले, आठवड्यात मोकळी. मला २० का? माझं जास्त वाईट आहे म्हणून का? ही गोष्ट रात्री झोपू देत नाही.

मशीनवाला

नाही हो. पूर्वी सगळ्यांना ५ आठवडे, २५ सिटिंग द्यायचे. मग ३ आठवड्यांत १५ देऊन तेवढाच फायदा होतो हे सिद्ध झालं, आता बहुतेक ठिकाणी तेच. २०२० मध्ये इंग्लंडच्या अभ्यासाचे ५ वर्षांचे निकाल आले, त्यात ५ सिटिंग १५ च्या तोडीला उतरली, तेव्हापासून काही पेशंटना ते देतात. रोजचा डोस तिथे मोठा असतो. काखेच्या वरच्या भागाला द्यायचंय का, बूस्ट हवाय का, कुठलं ऑपरेशन झालंय यावर ठरतं. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं नसतं. तरी तुमच्या डॉक्टरांना विचाराच, आणि विसरता म्हणालात ना, तर तळहातावर लिहून न्या. उजव्या.

लातूरकर

ताई मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा. बायकोचं २०२३ ला परळलाच झालं, आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत होतो. तिथे राहायला हॉस्पिटलची चिठ्ठी लागते, आम्हाला सोशल वर्कर मॅडमनी मिळवून दिली. बाहेरगावचं कोणी वाचत असेल तर रेल्वेचा सवलतीचा फॉर्म पण हॉस्पिटलमधूनच भरून घ्या, उपचारासाठी जाताना रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्याला ७५ टक्के सूट. आम्हाला हे तिसऱ्या फेरीला कळलं.

लोकलचं, तुम्ही येताना परळहून सुटणारी गाडी पकडता का? २०१९ पासून तिथून काही गाड्या सुटतात, कल्याणकडच्या पण आहेत, रिकामी लागते, बसायला मिळतं, त्यासाठी दहा मिनिटं थांबावं लागलं तरी परवडतं. कागदाचं म्हणाल तर प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवा, आयकार्डासारखा. बायकोला आधी ते पटलं नव्हतं, म्हणाली गळ्यात पाटी कशाला. मग मंगळसूत्र गळ्यात घासतं म्हणून काढून ठेवायला लागलं होतं, तर म्हणाली चला गळा रिकामा नको, हे घाला.

माझी एक चूक सांगतो. शेवटच्या दिवशी मी पेढे वाटले, गावी फोन केले, रविवारी सगळे भेटायला आले. आणि खरा त्रास तर त्याच्या पुढच्या आठवड्यात झाला, काखेत कातडी सोलवटली, तिला ब्लाऊज अंगाला लावता येईना आणि पाहुणे चहा घेत बसलेले. ती आतल्या खोलीत पंख्याखाली, मी बाहेर लोकांना सांगतोय सगळं छान झालं. लोकांना महिन्याने बोलवा.

सुनंदा_नाशिक

हे अगदी खरं. संपल्यावर आठ-दहा दिवस कातडी अजून बिघडते, मग सुधारते. मला पण कोणी सांगितलं नव्हतं.

थकव्याला एकच उपाय लागू पडला आणि तो ऐकायला विचित्र आहे, चालणं. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पंधरा मिनिटं, ती बाजू पदराने झाकून. झोपून राहिले की जास्त गळायचे.

पोळीभाजीवाली

आले परत. २० झाले, त्यालाही आज ११ दिवस झाले. पेढे वाटले नाहीत, लातूरकर दादांची कृपा. सांगितलं होतं तसंच झालं, घडीत सोलवटलं, तिथे दाखवून आले, त्यांनी मलम दिलं, आता कोरडं पडतंय, खपली निघतेय, रंग मात्र वांग्यासारखा.

दोन डबे दुसरीकडे सोडले, तिघांना सांगितलं जूनपर्यंत फक्त भाजी मिळेल, पोळ्या तुमच्या तुम्ही बघा. एकजण कुरकुरला. कणीक मुलगा मळतो, दगडासारखी. गॅसजवळ आता उजवी बाजू करून उभी राहते, सवय नव्हती, पहिल्या दिवशी उलथनं दोनदा पडलं. परळची गाडी धरायला लागले तेव्हापासून खिडकी मिळाली, ठाण्यापर्यंत झोपायचे. आणि हो, गळ्यात पाकीट अडकवल्यावर एकाही बाईने काही विचारलं नाही, उलट एकीने स्वतःचं उघडून दाखवलं, तिचं २०१६ चं होतं.

आता एवढंच सांगा, तीन ब्लाऊज आणि एक चांगली कॉटनची साडी, सगळ्यांना त्या खुणांचे जांभळे डाग पडलेत. साबणाने जात नाहीत, भिजवून पण बघितलं.

मशीनवाला

डागाखाली जुना कपडा ठेवा, वरून हँड सॅनिटायझर ओता, पाच मिनिटांनी चोळा, मग धुवा. आधी साडीच्या आतल्या काठावर रंग जात नाही ना बघा. फक्त कपड्यांना हं, अंगाला नको.